गाडीचे मागचे पाटे

मला एका जागी बसवत नाही. पाठीचं वगैरे दुखणं नाही, स्वभावच तो. जेवताना माझं निम्मं लक्ष हात धुण्याकडे असतं, आणि कुणी काही सांगायला लागलं की मी मनातल्या मनात त्याचं वाक्य पुरं करून मोकळा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आल्यागेल्याला सांगायचे, "ह्याला पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय." त्यात कौतुकाचा लवलेश नसे. ते स्वतः दुपारभर आरामखुर्चीत वाचत बसत, आणि तेही एकाच डोळ्याने. डावा डोळा शाळकरी वयातच विटी लागून गेला होता. पुढची सगळी मास्तरकी त्यांनी उजव्यावर केली.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. चैत्रातल्या एका सकाळी पेपर खाली ठेवून अण्णा म्हणाले, "डोळ्यापुढे कोपऱ्यातून काहीतरी काळं उतरतंय." गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. कोल्हापूरला न्या, आजच्या आज, असं ते म्हणाले. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती, आणि एसटीत मागच्या चाकावर बसवून न्यावं असं ते दुखणं नव्हतं. आमच्या दारात गाडी होती. अण्णांना मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो.

त्या गाडीबद्दल आधी सांगायला हवं. आमची हापूसची थोडी बाग आहे. हंगामात गाडीतून पेट्या जायच्या, डिकीत, मागच्या सीटवर, टपावरसुद्धा. बागवाल्याने गाडी घेतली की त्याचं पहिलं काम म्हणजे मागच्या पाट्यांत एकेक जादा पान घालून घेणं. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, आणि त्यातल्या एका पट्टीला पान म्हणतात. जादा पान घातलं की पेट्या कितीही भरा, गाडी खाली बसत नाही. रिकामी चालवली की मात्र उडते. त्यात आमच्या पाट्यांच्या टोकांना बसवलेले रबरी बुश झिजून गेलेले आणि शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असलेलं. मला हे सगळं माहीत होतं. हंगाम संपला की बघू, असं मी दोन हंगाम म्हणत होतो.

वाटेत प्रत्येक खड्ड्याला अण्णा दोन्ही हातांनी डोकं धरत, ते मला आरशात दिसत होतं. मी हळू जायला हवं होतं. मी जोरात चाललो होतो, कारण लवकर पोचायचं होतं. आंबा घाट चढून मलकापूर गेल्यावर ते म्हणाले, "काळं आता निम्म्यावर आलंय." त्यानंतर मी आणखी जोरात चालवली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मला विचारलं, "कशातून आणलंत ह्यांना? बैलगाडीतून?" ते रागावलेसुद्धा नव्हते, सहज विचारल्यासारखं विचारलं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

ऑपरेशन झालं. माझी थोरली बहीण कोल्हापुरातच दिलेली, ती अण्णांपाशी राहिली आणि मी आंबा उतरवायला परत आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाराव्या दिवशी न्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहील, झोपवूनच न्या, आणि डोक्याला एकही धक्का बसता कामा नये. पडदा जागेवर चिकटवलाय, पण तो धरायला घरी गेल्यावरही तीन आठवडे लागतील. धरला तर दिसेल. नाही धरला तर पुन्हा काही करता येईल असं ते छातीठोक सांगू शकत नव्हते.

माझ्या डोक्यात ते "बैलगाडीतून" घुमत होतं. भाड्याची गाडी करा, असं बायको म्हणाली. हंगामात भाड्याच्या गाड्याही पेट्याच वाहतात, आणि त्यांचेही पाटे आमच्यासारखेच. गॅरेजवाल्याकडे गेलो तर त्याच्या दारात सात ट्रक उभे. "आठ दिवस हात लावणार नाही," तो म्हणाला. माझ्या हातात चारच दिवस होते. मी तिथेच ठरवलं की पाटे घरीच काढायचे, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नवे घालायचे. बुश इथल्या बाजारात मिळाले. शॉकॲब्सॉर्बर मेव्हण्यांनी कोल्हापुरातून एसटीच्या पार्सलने पाठवले, आणि गाडी यायच्या दीड तास आधीपासून मी स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो.

शेजारी भाऊ राहायचे. सगळी आळी त्यांना भाऊच म्हणे. मुंबईत बसगाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून ते नुकतेच गावी येऊन राहिले होते. मी गाडी अंगणात घेऊन मागचं अंग जॅकवर उचललं, आडव्या ठेवलेल्या दोन चिऱ्यांवर टेकवलं आणि खाली शिरलो. जांभ्याचे चिरे आमच्याकडे पैशाला पासरी पडलेले असतात. घरं त्यांची, विहिरी त्यांच्या, कुंपणाचे गडगे त्यांचे. गाडी त्यांच्यावर ठेवताना मला विचारसुद्धा करावा लागला नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी माझा पाय धरून ओढला.

"चिऱ्यावर घर ऱ्हातं रे, गाडी नाय ऱ्हात. आदी भायेर ये," भाऊ म्हणाले.

मी चिडून बाहेर आलो. भाऊंनी माझ्याकडे लक्ष न देता पहारीचं टोक चिऱ्याच्या कडेवर नुसतं दाबलं. कड भुगा होऊन खाली पडली. मग त्यांनी आपल्या परसातून फणसाचे दोन ओंडके आणले, गाडी त्यांच्यावर ठेवली, धरून हलवून पाहिली आणि पायरीवर बसले. तिथून दोन दिवस ते हलले नाहीत.

पाटा गाडीला जिथे टांगलेला असतो तिथले बोल्ट खाऱ्या हवेने पार गंजून गेले होते. मी पाना लावून जोर केला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली. भाऊंनी रॉकेल ओतायला सांगितलं. ओतलं. दहा मिनिटांनी पुन्हा पाना लावला.

"मुरू दे त्येला," भाऊ म्हणाले. "रॉकेल काय तुज्यासारकं पळत नाय."

"किती वेळ?"

"सांजपातूर."

संध्याकाळपर्यंत! मी विहिरीवर जाऊन आलो. बागेत जाऊन आलो. उतरवलेला आंबा पुन्हा मोजला. बायकोला दोनदा विचारलं की कोल्हापुराहून फोन आला का, आणि आमच्याकडे तर फोनच नव्हता, तो पलीकडच्या दुकानात होता. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जरा झोपा तरी." मी झोपलो नाही. गाडीभोवती फिरत राहिलो. अण्णा तिकडे अंधारात पडून आहेत आणि मी इकडे गंज सुटायची वाट बघतोय, असं म्हणत मी पाना उचलायचो आणि परत ठेवायचो. संध्याकाळी बोल्ट सुटले. सुटले म्हणजे दोन सुटले, दोन छिन्नीने तोडावे लागले.

दुसऱ्या दिवशी पाटे बाहेर काढून जमिनीवर ठेवले, मधला बोल्ट काढला आणि पानं वेगळी केली. दोन्हीकडचं जादा पान काढून गडग्याला टेकवून ठेवलं. तेवढ्यानेच मला हलकं वाटलं. बाकीची पानं घासून, ग्रीस लावून परत रचली, जुने बुश ठोकून बाहेर काढले, नवे साबणाच्या पाण्यात बुडवून बसवले. शॉकॲब्सॉर्बर बदलून, पाटे जागेवर टांगून मी पाना हातात घेतला तोच भाऊ ओरडले.

"आता आवळू नको! पाटा लोंबकळतोय. असा आवळलास तर खाली घेतल्यावर रबर पिळवटंल, म्हयन्यात फाटंल. गाडी खाली घे, वजन टाक, मंग आवळ." मग त्यांनी विचारलं, "अण्णांचं वजन कितीसं हाय?"

बायकोने आतून सांगितलं, "दवाखान्यात केलं तेव्हा त्रेपन्न भरलं."

आम्ही तांदळाचं एक पोतं अंदाजाने तेवढं करून मागच्या सीटवर आडवं निजवलं. भाऊंनी त्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि डोक्याकडची बाजू दाराकडे करायला लावली. त्या पोत्याकडे बघून मला एकदम रडू फुटेल असं झालं, म्हणून मी गाडीखाली शिरून बोल्ट आवळायला लागलो.

चालवून बघायची वेळ आली तेव्हा बायकोनेच युक्ती काढली. काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या घेऊन ती मागे पोत्याशेजारी बसली. पाणी सांडलं तर धक्का बसला, साधा हिशेब. डांबरी रस्त्याने नाक्यापर्यंत गेलो आणि आलो. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. पहिल्यापेक्षा गाडी कितीतरी मऊ होती, पण पाणी सांडलं ते सांडलंच.

मी आल्याबरोबर गाडी पुन्हा ओंडक्यांवर चढवली.

"आता आनी काय?" भाऊंनी विचारलं.

"आणखी एकेक पान काढतो."

भाऊ पायरीवरून उठले. "नको. पानी सांडत नाय म्हंजे झालं न्हवं. येवढं नरम केलंस तर एकाद्या मोठ्या गचक्याला पाटा पुरता बसंल, आनी चाकांचा आस वरती जाऊन गाडीच्या तळाला आदळंल. त्या आदळण्याला ना पाटा, ना शॉक. निस्तं लोखंडावर लोखंड."

ते बरोबर बोलत होते हे मला तेव्हाही समजलं असावं, कारण त्याशिवाय मी इतका भडकलो नसतो. "भाऊ, बाप माझा आहे," मी म्हणालो. "तुमचं बसमध्ये शंभर माणसं कोंबायचं शास्त्र इथे नका शिकवू." आळीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. भाऊंनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि घरी गेले. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पान काढलं.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तांब्या घेऊन फेरी झाली. ह्या वेळी नाक्यापर्यंत जाऊन येताना थेंब सांडला नाही. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच हॉर्न वाजवला.

पण त्या फेरीत एक गोष्ट आम्ही दोघांनीही धरली नव्हती. डांबरी रस्ता सोडून आमच्या घराकडे वळलं की जांभ्या खडीची एक छोटी घाटी चढावी लागते. खालून जरा वेग घेतला नाही तर चाकं नुसती फिरतात आणि खडी उडते. वर पोचल्यावर फाटकात एक चिरा उंबऱ्यासारखा आडवा पुरलेला आहे, पावसाचं पाणी अंगणात येऊ नये म्हणून. दर फेरीला बायको घाटी उतरल्यावरच तांब्या भरायची, आणि परत पायथ्याशी आलं की ते पाणी कडेच्या जास्वंदीला ओतून टाकायची. तिथे तर सांडणारच, असं म्हणायची, आणि मीही हो म्हणायचो. आपल्या घरची घाटी ती, तिला रस्त्यात कोण धरतो? आमच्याकडे कुणालाही विचारा, घर कोल्हापूरपासून किती लांब, तो डांबर संपतं तिथपर्यंतचं सांगेल.

त्या सकाळी तर गाडी वर नेलीच नाही, पोतं पायथ्याशी उतरवून तिथूनच निघालो. निघताना बायको म्हणाली, "मी खाली खुर्ची घेऊन थांबते. अण्णांना खुर्चीवरून वर आणू." मी बरं म्हणालो आणि गाडी सुरू केली. कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांना घेतलं. मागच्या सीटवर ते आडवे, बहीण कोपऱ्यात, त्यांचं डोकं तिच्या मांडीवर. दोन्ही डोळ्यांवर जाड पट्टी.

त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी आयुष्यात पुन्हा चालवली नाही. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून दमत, मी बाजूला होऊन वाट देई. सायकलवाले पुढे गेले. आंबा घाटातली वळणं मी चालत उतरावी तशी उतरलो. हातपाय शिवशिवत होते, मानेला घामाच्या धारा, पण पाय दाबला नाही. साखरपा सोडल्यावर अण्णा म्हणाले, "गाडी उभी का आहे रे?"

"उभी नाही, अण्णा. चालू आहे."

त्यांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "छान केलंस." मला त्यांनी असं कधी म्हटलं होतं ते आठवेना.

त्या दोन शब्दांनी घात केला, असं म्हणणं सोपं आहे. त्यांनी केला नाही, मी केला. पाली गेली, हातखंबा गेला, रत्नागिरी आली आणि माझ्या अंगातली आठ-नऊ तासांची दाबून धरलेली घाई एकदम उसळून वर आली. घाटीच्या पायथ्याशी बायको उभी होती. खुर्ची होती. आणि खुर्चीची दुसरी बाजू धरायला, मी एवढं बोललो असूनही, भाऊ आले होते. मी त्यांना पाहिलं. थांबायचंय हे मला आठवत होतं. पण मनात आलं, कशाला आता खुर्ची? गाडी उभी आहे असं वाटतंय त्यांना. भाऊंना दिसू दे तरी. मी खिडकीतून हात काढून वर यायची खूण केली, गिअर बदलला आणि दर हंगामात पेट्या भरून घेतो तसा वेग घेतला.

चिऱ्यावर मागची चाकं चढून उतरली तेव्हा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. पाटे पुरते बसले आणि आस वर जाऊन आदळला. जादा पान असतं तर गाडी उडाली असती, पण असं आदळलं नसतं. मागून बहीण "अरे!" म्हणून किंचाळली. आरशात पाहिलं तर अण्णांचे दोन्ही हात डोक्याशी होते. मी अंगणात गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात मला काढता येईनात. भाऊ धापा टाकत वर आले. मागचं दार उघडून त्यांनी अण्णांना खांद्याला धरलं.

पुढचे तीन आठवडे अण्णा पडून होते. त्यांना काही विचारायचं माझं धाडस झालं नाही. काही दुखतंय का एवढंच विचारायचो, आणि ते नाही म्हणायचे. मी उगाच खोलीत जायचो, पाण्याचं भांडं इकडचं तिकडे करायचो, बाहेर यायचो. बायको एकदा म्हणाली, "त्यांना तुमच्या पावलांचा त्रास होतो." मग मी दाराबाहेर फिरू लागलो.

पट्टी सोडायला कोल्हापूरला गेलो तेव्हा मीच बरोबर होतो. पाट्यांत मी शेवटी काढलेलं एकेक पान परत घातलं होतं, भाऊंनीच बसवून दिलं. माफी मी मागितली होती, पण त्यांनी ती ऐकून घेतली नाही, पाना मागितला. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ डोळ्यात पाहिलं. अण्णांना उजेड कुठून येतोय ते सांगता येत होतं. त्यापलीकडे काही नाही. पडदा पुन्हा सुटला होता, आणि आत सुरकुतून गेला होता.

"असं होतं कधी कधी, सगळं नीट करूनही," डॉक्टर म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी नेताना कुठे धक्का बसला होता का? मोठा?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी अण्णा बोलले.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही. फार जपून नेलं ह्याने."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या धक्क्याने पडदा सुटला, की तो सुटणारच होता, हे मला आजही माहीत नाही, आणि आता सांगू शकेल असं कुणी उरलेलं नाही. त्या वेळी विचारता आलं असतं. मी गप्प बसलो. आयुष्यात एकदाच मला गप्प बसता आलं, आणि ते तिथे.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर अण्णांनी माझा दंड धरला. मला सहन होईना.

"अण्णा, त्या दिवशी घाटीत..." मी सुरुवात केली.

"पायरी आली की सांग," ते म्हणाले.

पायऱ्या सात होत्या. एकेक सांगत, त्यांचं पाऊल टेकेपर्यंत थांबत, मी त्यांना खाली आणलं.